स्वीडनच्या पोटातून: ओस्टरसुंड ते येलिवारे

ओस्टरसुंडहून उत्तरेला येलिवारे ७४६ किलोमीटर. इनलंड्सबानन, म्हणजे देशाच्या आतल्या भागातून जाणारी रेल्वेलाइन; तिच्या गाडीला त्यासाठी अख्खा दिवस लागतो, आणि गाडी म्हणजे डिझेलवर धावणारी छोटीशी रेलबस. घाई असेल त्यांनी पूर्वेकडची मुख्य लाइन धरावी. मला स्वीडनचा आतला भाग बघायचा होता.

या लाइनचा निर्णय संसदेने १९०७ मध्ये घेतला. आतली जंगलं आणि वस्त्या देशाला जोडायच्या होत्या, शिवाय युद्ध झालं तर समुद्रापासून दूर असलेला मार्ग सैन्याला हवा होता. दक्षिणेतल्या क्रिस्टिनेहाम्नपासून येलिवारेपर्यंत जवळपास १,३०० किलोमीटर. ऑगस्ट १९३७ मध्ये योकमोकला उद्घाटन झालं, तोवर मोटारींचा जमाना सुरू झाला होता. पुढे प्रवासी घटले, लाइन बंद पडायची वेळ आली, तेव्हा वाटेवरच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये कंपनी काढली. आज उन्हाळ्यात ही गाडी धावते ती त्यांच्यामुळे.

विल्हेल्मिना, स्टूरुमान, सोर्सेले, आर्विड्सयौर ही वाटेतली गावं. मध्ये तासन्‌तास पाइन, स्प्रूस, बर्च आणि तळी. गाडीत जेवण मिळत नाही, ते वाटेतल्या थांब्यावर उतरून करायचं. रुळांवर रेनडिअर आले की चालक वेग कमी करतो, हॉर्न देतो, आणि ते बाजूला होईपर्यंत थांबतो. हे रेनडिअर रानटी नसतात, इथल्या मूळ रहिवासी सामी पशुपालकांचे असतात. पीते नदीवरच्या पुलावर रूळ आणि मोटाररस्ता एकच आहे. पुलाखाली फेसाळणारं पाणी बघताना डबाभर माणसं गप्प होती.

योकमोकच्या अलीकडे आर्क्टिक वृत्ताची खूण येते. फोटोसाठी सगळे उतरतात. माझ्या लेखी मात्र त्यापेक्षा मोठं ठिकाण पुढचं पोरयुस.

पोरयुसला लुले नदीवर जलविद्युत केंद्र बांधायचं ठरलं, तेव्हा तिथे रस्ताच नव्हता. रूळ पोहोचेपर्यंत येलिवारेहून सामान माणसांनी पाठीवर वाहून नेलं, पन्नासेक किलोमीटर, जंगलातून आणि दलदलीतून. येलिवारे-पोरयुस रूळ आधी टाकले गेले ते या केंद्रासाठी. पुढे तेच इनलंड्सबाननचा भाग झाले. १९१५ मध्ये केंद्र सुरू झालं आणि त्याच्या विजेवर किरुनाच्या लोहखनिजाच्या गाड्या नॉर्वेच्या सीमेपर्यंत धावू लागल्या. ज्या रुळांनी हे केंद्र उभं केलं, त्यांच्यावर आजही वीज नाही, आमची गाडी डिझेलवरच चालली होती.

मला खटकतं ते हे, की प्रवासी गाडी उन्हाळ्यापुरतीच आहे. लाकडाच्या मालगाड्या इथे इतर वेळीही धावतात. मग कडाक्याच्या थंडीत दवाखान्याला किंवा कॉलेजला जाणाऱ्या सोर्सेलेच्या माणसाला रोजची गाडी का मिळू नये? ज्यांनी ही लाइन जिवंत ठेवली, त्या गावांचा पहिला हक्क आहे, आमच्यासारख्या उन्हाळी पाहुण्यांचा नंतर.