‘स्कॅनरवर काही दाखवत नाही’ : इंजेक्शनच्या मोटारसायकलचा माझा अनुभव

कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेची) मोटारसायकल मी अठरा वर्षे चालवली आणि तिची बहुतेक कामे स्वतःच्या हाताने केली. त्यानंतर घेतलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या (संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीने पहिली चार वर्षे मला हत्यारांची पेटी उघडूच दिली नाही. पाचव्या वर्षी ती अडली आणि दोष सापडेपर्यंत सात आठवडे गेले, सर्व्हिस सेंटरच्या चार फेऱ्या झाल्या. दोष होता अंगठ्याएवढ्या एका जाळीत. ती बदलायला तासभरही लागला नाही. सात आठवडे कशात गेले, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

लक्षण अगदी ठरलेले होते. मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल (वेगाची मूठ) पूर्ण उघडून दहा-बारा मिनिटे चालवले की गाडीचा दम कमी होई आणि ती झटके देऊ लागे. थ्रॉटल निम्म्यावर आणला की झटके थांबत, आणि इंजिन बंद करून पाच मिनिटे उभे राहिले की ती पुन्हा पहिल्यासारखी धावे. सकाळी ती एका बटणात सुरू होई, तिचा स्लो (मूठ न पिळता इंजिन फिरते तो वेग) स्थिर होता, आणि मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा एकदाही लागला नाही.

कार्बोरेटरवर हात बसलेल्या माणसाला असे लक्षण वाचता येते, कारण त्या यंत्रात थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग जबाबदार असतो. स्लो आणि त्यापुढचा साधारण पाव थ्रॉटल पायलट जेटचा, मधला पट्टा नीडलचा (सुईचा) आणि शेवटचा मेन जेटचा. जेट म्हणजे पेट्रोल मापाने सोडणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा. स्लो बिघडला की मी फ्लोट बोलचा (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सोडून जुने पेट्रोल काढत असे आणि पायलट जेट उजेडासमोर धरत असे. छिद्रातून प्रकाशाचा ठिपका गोल दिसला तर जेट साफ, अर्धा दिसला तर कचरा. (त्या छिद्रात तार कधीही घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.) या सवयीने नव्या गाडीकडे पाहिले, तेव्हा स्लो चांगला, मधला पट्टा चांगला आणि पूर्ण थ्रॉटलला काही वेळाने उपासमार, याचा एकच अर्थ निघत होता : इंजिन जेवढे पेट्रोल मागते तेवढे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होऊन असेच होते, म्हणून झटके सुरू होताच मी झाकण उघडून पाहिले. फरक पडला नाही.

हे सगळे मी पहिल्याच फेरीत सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जॉब कार्डावर ‘पिकअप कमी’ एवढेच दोन शब्द लिहिले. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला गेला, दहा मिनिटांत काढला गेला आणि मला उत्तर मिळाले, ‘साहेब, स्कॅनरवर काही दाखवत नाही. गाडी ओके आहे.’ दुसऱ्या फेरीत हेच उत्तर मिळाले, फक्त या वेळी स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून मिळाले. त्यांच्या अंगणात एक फेरी मारून मेकॅनिकनेही गाडी ठीक असल्याचे सांगितले. जो दोष दहा मिनिटांच्या पूर्ण थ्रॉटलनंतर दिसतो, तो अंगणातल्या फेरीत कसा दिसावा, हा माझा प्रश्न तिथे कोणी कानावर घेतला नाही.

मला राग आला तो स्कॅनरवरच्या त्या आंधळ्या विश्वासाचा, कारण स्कॅनर काय पाहू शकतो याची मर्यादा ठाऊक असती तर हे उत्तर कोणी दिले नसते. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हा छोटा संगणक इंजिनचा वेग, थ्रॉटलची स्थिती, आत येणाऱ्या हवेचा दाब व तापमान आणि इंजिनची उष्णता हे सेन्सरकडून घेतो आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. त्या हिशेबात टाकीतल्या विजेच्या पंपाने दिलेला पेट्रोलचा दाब गृहीत धरलेला असतो. माझ्या गाडीत तो सुमारे ३ बार (बार हे दाबाचे एकक) असायला हवा. बहुतेक मोटारसायकलींत, आणि माझ्याही, हा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब ३ बारवरून २ बारवर आला तर तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल जाते, परंतु ईसीयूच्या दृष्टीने सर्व काही आखल्याप्रमाणे चाललेले असते. ज्याला सेन्सर नाही, त्याचा कोड कुठून येणार?

यापुढची गोष्ट मला कळायला आणखी एक आठवडा लागला. संथ चालीत सायलेन्सरमधील ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहून ईसीयूला कळवतो आणि ईसीयू मिश्रण दुरुस्त करतो. हवा आणि पेट्रोल यांचे १४.७ : १ हे वजनी प्रमाण त्या वेळी साधायचे असते. पुरवठा थोडा घटला तरी ही दुरुस्ती ती घट झाकून टाकते. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू त्या सेन्सरचे न ऐकता साठवलेल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो आणि तेथे झाकणारे कोणी उरत नाही. माझी गाडी निम्म्या थ्रॉटलवर सुरळीत होती याचे एक कारण कमी मागणी हे होते आणि दुसरे हे. ‘निम्म्यावर नीट चालते ना, मग इंजेक्शन ठीकच आहे,’ हा त्यांचा युक्तिवाद त्यामुळे उलटा ठरत होता.

तिसऱ्या फेरीत मी पेट्रोलचा दाब मोजायचा आग्रह धरला आणि दोन तास थांबल्यावर गेज (दाबमापक) आणला गेला. गाडी स्लोवर ठेवून तो लावला आणि काटा ३ बारवर उभा राहिला. त्या क्षणी माझाही धीर सुटला, हे मान्य करतो. इतके दिवस मीच चुकत होतो की काय असे वाटले. घरी आल्यावर लक्षात आले की स्लोवर इंजिनला थेंबभरच पेट्रोल लागते आणि अर्धा तुंबलेला मार्गही तेवढे सहज पुरवतो. मोजायचे होते ते मागणी मोठी असतानाचे.

चौथ्या फेरीला मी तक्रार स्वतः लिहून नेली आणि ती तशीच जॉब कार्डावर उतरवून घ्यायला लावली : ‘पूर्ण थ्रॉटलला दहा मिनिटांनंतर ताकद जाते, पाच मिनिटे बंद ठेवल्यास परत येते, पंपाचा पुरवठा तीन मिनिटे सलग मोजावा.’ माझी इतरांना पहिली सूचना हीच आहे. ‘पिकअप कमी’ या शब्दांवर सही करू नये. त्या दिवशी एक वयस्क मेकॅनिक होते. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि काही न बोलता कामाला लागले. चावी फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंदच गुणगुणतो आणि इंजिन सुरू न झाल्यास थांबतो, म्हणून त्यांनी पंपाला बॅटरीवरून थेट वीज दिली, गाडी उघड्यावर नेली आणि नळी धातूच्या डब्यात सोडली. पहिल्या मिनिटाला धार जाड होती. दुसऱ्या मिनिटात ती बारीक होऊ लागली आणि तिसऱ्याच्या शेवटी करंगळीहून बारीक झाली. पंप बंद केला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि धार पुन्हा जाड! मला जे रस्त्यावर दिसत होते ते त्या डब्यासमोर उभे राहून सगळ्यांनी पाहिले आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा मला हायसे वाटले.

पंप टाकीतून बाहेर काढल्यावर त्याच्या तळाच्या जाळीवर तांबूस, बारीक चिखलाचा थर होता. पंप चालू असताना तो गाळ जाळीला ओढला जाऊन चिकटे आणि थांबल्यावर सुटून खाली बसे. गाळ टाकीतल्या गंजाचा होता, आणि रिकाम्या टाकीत ओलावा धरून गंज चढतो. कार्बोरेटरच्या गाडीत रिझर्व्हवर कॉक फिरवून शेवटपर्यंत जायची माझी सवय होती, तीच मी इथे चालवली. इंजेक्शनचा पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो, म्हणून टाकी एक चतुर्थांशाखाली जाऊ देऊ नये. चावी फिरवल्यावरची गुणगुण रोज कान देऊन ऐकावी. तिचा सूर बदलला तर पंपाकडे पाहावे.

एवढे होऊनही मी इंजेक्शनला दोष देत नाही. कावासाकीने १९८० मध्ये झेड१०००च्या एका आवृत्तीत ते बसवले, तेव्हापासूनची त्याची वाटचाल रास्तच आहे. घाट चढून उंचावर गेल्यावर हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र जेटच्या मापाने जवळपास तेवढेच पेट्रोल देत राहतो आणि गाडी काळा धूर सोडू लागते. माझ्या नव्या गाडीला तो त्रास कधी झाला नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती : इंजिन बंद केल्यावरही इंजेक्शनच्या नळीत दाब शिल्लक असतो. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मगच नळी सोडावी, आणि तीही भोवती फडके धरून. पंप एकदा काढला की त्याच्या प्लेटचे गॅसकेट (गळती रोखणारे वेष्टन) नवेच बसवावे. ते त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हते. त्यासाठी आणखी दोन दिवस थांबावे लागले, आणि ते मी बिनतक्रार थांबलो.