गगनबावडा, ऐन जुलैत

जुलैत गगनबावड्याला चाललोय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात काय झोपला होतास?" पण मला तो पाऊसच बघायचा होता ना.

कोल्हापूरपासून 55 किलोमीटर, एसटीने दोन तास धरून चाला. कळ्यापर्यंत नुसता ऊस, असळजजवळ कारखाना, आणि मग ऊस मागं पडत जाऊन भाताची खाचरं सुरू होतात, बाया गुडघाभर चिखलात रोप लावतायत, डोक्यावर इरलं क्वचितच, बाकी सगळ्यांना प्लास्टिकची खोळ. मांडुकली आली तसा कंडक्टर खिडकीतून वाकून बघून म्हणाला, "आज पाणी खालीच हाय, जातंय मग." कुंभी नदी फुगली की इथं रस्त्यावर पाणी येतं आणि गाडी मागं फिरते.

गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण, पण दहा मिनिटांत चालून संपतं. एसटी डेपो, तहसील, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, थोडी दुकानं, दोन-चार लॉज, सगळं त्या रस्त्याच्या आजूबाजूलाच. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती, पुण्यात एवढी माणसं एका उपनगराच्या कोपऱ्यात मावतात. एटीएममध्ये गेलो तर कॅश नाही, यूपीआयला रेंज नाही, चहा-भज्यांचे पैसे द्यायला पाकिटातली शेवटची शंभराची नोट काढली तर ती पण ओली, टपरीवाल्या मावशींनी ती स्टोव्हच्या कडेला वाळत टाकली आणि म्हणाल्या, "असू दे, हितं सगळंच वाळवून घ्यावं लागतंय."

किराणा दुकानदार काका जास्त बोलके निघाले. पावसाआधी मीठ, काडेपेटी, पीठ-तांदूळ भरून ठेवायचं हा इथला जुना नियम म्हणे. कारण सोपं आहे, गावाला दोन दारं. एक कोल्हापूरकडचं, ते पुरात बंद. दुसरं कोकणचं, त्याला दोन घाट, करूळ घाटाने खाली वैभववाडी आणि दुसरा भुईबावडा घाट, आणि दरड कधी कुठल्या घाटात येईल सांगता येत नाही. साधा ताप इथं बघतात, पण पेशंट गंभीर असला की कोल्हापूरला सीपीआर, म्हणजे तिथलं मोठं सरकारी रुग्णालय, गाठायचं, आणि नेमकं तेव्हाच मांडुकलीला पाणी असलं तर? काका नुसते हसले, मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गगनगडावर गेलो. वर गगनगिरी महाराजांचा आश्रम आणि गैबी पीर, दोन्ही एकाच गडावर. दिसलं काय तर पांढरं. मात्र परत येताना घाटाच्या तोंडाशी पाच मिनिटं ढग फाटले आणि खाली कोकण एकदम हिरवंगार उघडं पडलं. इथं कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला जातो, पलीकडे पडला की तासा-दोन तासांच्या वाटेवरचा अरबी समुद्र. शाळेत पाणलोट पाठ केलेला, कळला तो आत्ता, दोन्ही बुटांत पाणी घेऊन.

लॉजवरची गोधडी ओलसर होती, त्याबद्दल तक्रार नाही, अंगावरचे कपडे त्याहून ओले होते. सकाळी डेपोत विचारलं, कोल्हापूर गाडी किती वाजता? खिडकीतले साहेब म्हणाले, "मांडुकलीहून फोन येऊ दे, मग सांगतो."