शेवटचा हातभर तंगूस

नवशिका गळवाला लांबून ओळखू येतो. काठी कोरी, रीळ चकचकीत, आणि गळ एवढा मोठा की त्याला बादली टांगावी. जुनी मंडळी काठीकडे बघतही नाहीत. ती तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, शेवटचा हातभर तुकडा बोटांतून फिरवून बघतात. कुठे खरखर लागली की तेवढा कापून टाकायचा. ओढ बसली की तो तिथेच तुटतो.

गळाच्या नंबरात पहिली गोची होते. नंबर वाढला की गळ लहान होतो. तिलापियाला १० नंबर पुरतो, रोहूला ६ किंवा ४. तंगूस ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा घ्यावा. गाठ मारताना पाच-सहा वेढे द्यावेत आणि आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो.

खरं कसब चाऱ्यात. एक वाटी कणीक, अर्धी वाटी भाजक्या चण्याचं पीठ, मूठभर शेंगदाण्याची ढेप. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं आणि त्यात कापसाचे चार तंतू मिसळायचे (विदर्भात कापूस मागायला लाजायचं नाही). तंतू गोळा धरून ठेवतात. बोराच्या बीएवढी गोळी ग्लासभर पाण्यात टाकून बघावी. दहा मिनिटांत विरघळली तर चारा सैल. फार कडक झाली तर गळ गोळीतच अडकून बसतो, माशाच्या ओठात रुततच नाही. गळाचं टोक किंचित उघडं ठेवावं.

मग खोली. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तळ किती खोल ते मोजायला गळाला जड शिसं लावून पाण्यात सोडायचं. तरंगणारी काडी पूर्ण बुडाली तर ती वर सरकवायची, नुसतं टोक दिसेपर्यंत. एवढं न करता नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर तासन्‌तास बसलेला माणूस प्रत्यक्षात आपला चारा चिखलात पुरून बसलेला असतो. काडी ज्वारीच्या धांड्याची असेल तर कापलेल्या तोंडांना मेण लावावं, नाहीतर धांड्याचा गाभा पाणी पितो.

काडी थरथरली की नवशिका झटका देतो. थांबा भाऊ, ते बारके मासे टोचताहेत. काडी तिरपी होऊन सरळ खाली निघाली की मनगटाने हलकासा झटका द्यायचा. आडवी पडली तरी तेच, कारण तळावरचा चारा माशाने उचललेला असतो. आणि नेमका त्याच क्षणी आपला माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत असतो.

मे महिन्यात दुपारी बसण्यात अर्थ नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, मासा सुस्त. पहाटे पोहोचा, आठ-साडेआठला तर्री-पोह्यांना मोकळे व्हा. बऱ्याच तलावांची मासेमारी ठेक्यावर असते, तेव्हा आधी विचारावं. तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकायला बंदी आहे.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा रोगाला बळी पडतो. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाशीच कापा. आणि तिलापियाला डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत धरा. उलटा हात फिरला की पाठीवरचे काटे तळव्यात.