तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत जागा हीच विभक्ती

‘इंग्रजी वाक्याचे मूळ प्रकार किती, आणि ते पाठ केले की वाक्यं जमतात का?’ स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे हे विचारतात, तसे मुलांचा अभ्यास घेणारे पालकही. शाळेतलं उत्तर तीन: सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स, म्हणजे आपली केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं. ते बरोबरच आहे, पण वाक्य बनवायला बसलं की त्याचा फारसा उपयोग होत नाही. तीन प्रकारची घरं असतात हे कळलं म्हणून विटा रचता येत नाहीत.

आधी मराठी काय करते ते बघा. ‘वाघाने शेळीला मारलं.’ शब्द उलटेपालटे करा, ‘शेळीला वाघाने मारलं’ म्हणा, तरी मेली शेळीच. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोणी कोणाला ते सांगून टाकतात. इंग्रजीनेही जुन्या काळी नामांना असे प्रत्यय लावले होते, पुढे ते बहुतेक झिजून गेले. त्यामुळे ‘द टायगर किल्ड द गोट’ यात वाघ कर्ता आहे तो केवळ क्रियापदाच्या आधी बसला म्हणून. जागा बदला, शेळी वाघाला मारेल.

म्हणून पहिलं काम क्रियापद शोधणं. मराठीत ते शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या लगेच नंतर. दुसरं काम, त्या क्रियापदाला पुढे काय लागतं ते विचारणं. या मागणीवरून व्याकरणकार साधारण सात साचे मानतात, काहीजण पाचांत भागवतात.

‘बर्ड्स फ्लाय’: पुढे काही नको. ‘शी आयरन्स शर्ट्स’: एक कर्म. ‘ही बिकेम अ डॉक्टर’: कर्म नव्हे, पूरक, कारण डॉक्टर म्हणजे तोच. ‘शी लिव्ज इन सातारा’: ठिकाण लागतं, ‘शी लिव्ज’वर थांबलात तर ‘ती जगते’ असा भलताच अर्थ निघेल. ‘शी गेव्ह मी अ पेन’: दोन कर्मं. ‘दे कॉल हिम बाळू’: कर्म आणि त्याचं पूरक. ‘शी पुट द की ऑन द टेबल’: कर्म आणि ठिकाण दोन्ही. मराठीत ‘किल्ली ठेव’ पुरतं. ‘पुट द की’ मात्र लंगडं राहतं.

पाचवा आणि सहावा साचा दिसायला जुळे आहेत. ‘शी मेड हिम टी’ आणि ‘शी मेड हिम कॅप्टन’. शब्दांचा क्रम अगदी तोच. मध्ये ‘म्हणजे’ घालून बघा: तो म्हणजे कॅप्टन, हे पटतं, तो म्हणजे चहा, हे नाही. मराठीत हा गोंधळ होतच नाही, कारण आपण एकदा ‘त्याच्यासाठी चहा केला’ म्हणतो आणि एकदा ‘त्याला कॅप्टन केलं’.

मराठी माणसाच्या बहुतेक चुका मराठीच्या मागण्या इंग्रजी क्रियापदावर लादल्याने होतात. ‘मी सहमत आहे’ वरून ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’. पण ‘अ‍ॅग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, ‘अ‍ॅम’ला तिथे जागा नाही. ‘विषयावर चर्चा केली’ वरून ‘डिस्कस्ड अबाउट’; ‘डिस्कस’ला थेट कर्म हवं. ‘मला समजावून सांग’ वरून ‘एक्सप्लेन मी’. ‘गिव्ह’ दोन कर्मं घेतो, ‘एक्सप्लेन’ घेत नाही, म्हणून ‘एक्सप्लेन इट टू मी’. नवीन क्रियापद शिकताना नुसता अर्थ लिहू नका, पुढची मागणीही त्याच ओळीत लिहा. माझ्या मते वहीतले निम्मे शब्दार्थ याच कारणाने वाया जातात.

कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, हा पुढचा नियम. आपण ‘उशीर झाला’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत तिथे अर्थ नसलेला ‘इट’ बसवावा लागतो: ‘इट इज लेट’. ‘टेबलावर पुस्तक आहे’ला तसाच ‘देअर’. आणि क्रियापद व कर्म यांच्या मध्ये काही घुसवू नका: ‘आय लाइक व्हेरी मच मँगोज’ नव्हे, ‘आय लाइक मँगोज व्हेरी मच’. स्थळकाळ शेवटी, आधी स्थळ मग काळ. ‘तो काल पुण्याला गेला’ हे आरशात धरल्यासारखं उलटतं: ‘ही वेंट टू पुणे यस्टरडे’.

आता ते शाळेतले तीन प्रकार. इथे मोजणी कामी येते: उपवाक्यं, म्हणजे आपापलं क्रियापद असलेले वाक्याचे तुकडे, दोन तर जोडणारा शब्द एक. आपलं ‘जरी… तरी’ जोडीने येतं, म्हणून ‘ऑलदो इट रेन्ड, बट वी वेंट’ लिहिलं जातं. ‘ऑलदो’ ठेवा किंवा ‘बट’, दोन्ही नाही. (‘इफ’नंतर ‘देन’ चालतं, कारण तिथे ते क्रियाविशेषण आहे.) एकही जोडशब्द न ठेवता नुसत्या स्वल्पविरामावर दोन वाक्यं टांगणं हीसुद्धा चूकच.

‘जो… तो’चंही तसंच. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ यातला ‘तो’ इंग्रजीत पाझरतो: ‘द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर’. क्रियापदं मोजा: ‘केम’ आणि ‘इज’. ‘केम’चा कर्ता ‘हू’, ‘इज’चा कर्ता ‘द बॉय’. मग ‘ही’ कोणाचा? कोणाचाच नाही, काढून टाका.

राहिला ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. क्रियापद कर्त्याआधी आणणं ही प्रश्नाची खूण आहे, आणि इथे तुम्ही प्रश्न विचारत नाही, माहीत नाही एवढंच सांगताय. म्हणून कर्ता परत आपल्या जागी: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. खरंच विचारायचं असेल तर उलटापालट पहिल्याच उपवाक्यात होते: ‘डू यू नो व्हेअर ही इज?’