राखेचा बंधारा फुटतो तेव्हा पंचनाम्यात काय लिहावे?

जुलै 2022 मध्ये, ऐन पावसाळ्यात, कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांतून, नाल्यांतून वाहत कन्हान नदीपर्यंत गेले. नागपूर शहराला कन्हानचे पाणी मिळत असल्यामुळे शहरात त्याची लगेच दखल घेतली गेली. शेतांत जे साचून राहिले, त्याविषयी मात्र फारसे बोलले गेले नाही, आणि मला तेच अधिक गंभीर वाटते.

आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारण 30 ते 45 टक्के असते. त्यातली बरीचशी राख पाण्यात कालवून पाइपांद्वारे बंधाऱ्यात सोडली जाते. तिथे ती तळाशी बसते आणि पाणी वर राहते. बंधारा भरत आला की त्याची भिंत वाढवतात, आणि पुष्कळदा ही वाढीव भिंत आत साचलेल्या राखेवरच उभी राहते. पाण्याचा निचरा नीट झाला नाही, तर मुसळधार पावसात तिचा पायाच ढिला होतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे डिसेंबर 2008 मध्ये अशीच भिंत खचून सुमारे 300 एकरांवर राख पसरली होती.

नदीच्या पुराने आणलेला गाळ आणि ही राख यांत फार अंतर आहे. गाळाने जमीन कसदार होऊ शकते. राखेत सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, शिवाय आर्सेनिक, शिसे, बोरॉन यांसारखी द्रव्ये असतात, जी पाण्याबरोबर झिरपत विहिरीपर्यंत पोहोचू शकतात. (मोजून मिसळलेली राख काही जमिनींना उपयोगी पडते हे खरे, पण उभ्या सोयाबीनवर पसरलेला थर हा कोणी मोजून दिलेला नसतो.) नैसर्गिक आपत्तीच्या निकषांत शेतातला गाळ काढण्यासाठी मदत मिळायला थर 3 इंचांहून जाड असावा लागतो. राखेला हे माप लावणे मला अन्यायाचे वाटते, कारण इथे थराच्या जाडीइतकेच त्यात काय आहे हेही महत्त्वाचे असते.

केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आहे. सिमेंट, विटा, रस्ते यांत ती जितकी जाईल तितका बंधाऱ्यावरचा भार हलका होईल. तोवर बंधाऱ्याखालच्या प्रत्येक गावातील माती आणि विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी तपासून त्याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. बंधारा फुटलाच, तर पंचनाम्याला पुन्हा केलेल्या तपासणीचा अहवाल जोडावा, आणि भरपाई एका हंगामाच्या पिकापुरती न धरता जमीन पूर्ववत होईपर्यंतच्या प्रत्येक हंगामाची धरावी.