चारशे फाइली आणि हरवलेला जी

बेस गिटारसाठी कॅबिनेटचे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा ठसा असलेल्या फाइली) कसे निवडायचे, असं कुणी विचारलं की मला आधी ती मेल आठवते. ‘कानांवर विश्वास ठेवा.’ या फाइलींचे पैसे घेतलेल्या विक्रेत्याने माझ्या तक्रारीला नवव्या दिवशी पाठवलेलं एवढंच उत्तर. अरे बाबा, कानांवर विश्वास होता म्हणूनच तर तक्रार केली होती!

मी ठाण्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ज्या आवाजावर माझा जीव आहे तो ॲम्पेग कंपनीच्या आठ स्पीकरवाल्या कॅबिनेटचा. दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर, वजन साठ किलोच्या वर, लोक त्याला फ्रिजच म्हणतात. तो वर चढवला तरी खालचे काका एका रात्रीत मला खाली उतरवतील. म्हणून आयआर. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक लावून त्यात चाचणीचा आवाज सोडतात आणि त्या स्पीकर-माइकच्या जोडीचा स्वभाव एका इवल्याशा ऑडिओ फाइलमध्ये उतरवतात. ती प्लगइनमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, टाकली की तुमचा कोरडा बेस त्या कॅबिनेटमधून आल्यासारखा वाजतो. प्लगइन फुकटचा मिळाला, फाइलींचा संच विकत घेतला, सगळं एका संध्याकाळी उरकलं.

संचात चारशेच्या वर फाइली. नावं अशी: आठ-दहा, डी ११२, कड, दोन इंच. म्हणजे कॅबिनेट, माइक, कोनावरची (स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्यावरची) जागा, अंतर. माइक कोनाच्या मध्याकडे असेल तर आवाज चमकदार, कडेकडे सरकला की मऊ. एवढं कळलं तरी निम्म्या फाइली न ऐकताच बाजूला पडतात. मला हे तिसऱ्या दिवशी उमगलं. तोपर्यंत एकेक फाइल लावून, हेडफोन घालून, एकट्या बेसवर ऐकत होतो. अर्ध्या तासाने सगळ्या सारख्याच वाटायला लागतात. एकच रिफ (छोटी, परत परत वाजणारी धून) रेकॉर्ड करून ठेवा, ती ड्रम्सबरोबर फिरू द्या आणि तेवढ्यात फाइली बदला. दरवेळी नव्याने वाजवलंत तर फरक फाइलीचा की बोटांचा, कळणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या मोठ्या बंद कॅबिनेटचा खालचा आवाज लोकांना वाटतो तेवढा खोल नसतो. साधारण ५८ हर्ट्झच्या खाली तो उतरायला लागतो आणि आपल्या मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झवर. म्हणून बरेच बेसवाले आयआरच्या शेजारी कोरडा डीआय आवाज, म्हणजे माइक-स्पीकरशिवाय गिटारमधून थेट घेतलेला आवाज, मिसळतात. मीही मिसळला. सगळं छान, फक्त जी हा स्वर गायब. मोकळी जी तार पोकळ. डी तारेवर पाचव्या पट्टीवर तोच जी वाजवला, तरी पोकळ. ए तारेवर दहाव्यावर, तेच. शेजारचे सगळे स्वर जाडजूड आणि मधे हा एक खड्डा. गणपतीच्या कार्यक्रमातली अर्धी गाणी आमची जी मध्ये!

आधी तारांवर संशय. नवा सेट घातला. मग पिकअपची उंची वरखाली केली. मग खोलीवर खापर फोडलं, लहान खोलीत एखादा स्वर भिंतींमध्ये हरवतो हे खरं असतं. पण हेडफोनवरही जी नव्हताच, तेव्हा भिंती सुटल्या. याच नादात एकामागून एक आयआर बाद करत गेलो. ‘हा नको, याचा जी मेलाय.’ असे पंचवीस-तीस तरी चांगले आयआर मी कचऱ्यात टाकले असतील. विक्रेत्याला मेल याच आठवड्यात केली.

मग एका रविवारी वैतागून डीआय बंद केला आणि नुसता आयआर ऐकला. जी हजर! ठणठणीत. नुसता डीआय ऐकला, तिथेही हजर. दोघं एकत्र आले की गायब. फाइल रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून झूम केली, तर सुरुवातीला सरळ रेघ. २४० सॅम्पल नुसती शांतता. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने धरले तर, ५ मिलिसेकंद. कुणीतरी माइक साडेपाच फूट मागे नेऊन ठेवावा तसं, आणि फाइलीच्या नावात मात्र दोन इंच! ५ मिलिसेकंद उशिरा आलेला आवाज मूळ आवाजात मिसळला की १०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खातात. आणि आपला जी ९८ वर. मोजताना यंत्रणेचा उशीर कापायचा राहून गेला असावा, हा माझा तर्क. संचातल्या काही फाइलींत ही रेघ होती, काहींत नव्हती, म्हणून तर इतके दिवस गोंधळ.

शांतता कापली, पहिल्या उडीच्या जरा आधीपर्यंत. फाइल परत लावली. जी वाजवला आणि खरं सांगतो, एकटाच हसलो. विक्रेत्याला मी काहीही कळवलं नाही. त्यांनीही कान वापरावेत.

तेव्हा डीआय मिसळणार असाल तर फाइल आवडते की नाही हे ठरवण्याआधी तिची सुरुवात बघा. प्लगइनमधलं पोलॅरिटीचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण उलटं-सुलटं करून जास्त जाड वाटेल ते ठेवा, पण माझ्यासारखी भानगड असेल तर त्या बटणाने फक्त खड्डा दुसरीकडे सरकतो. दोन माइकांचे आयआर एकत्र वापरायचे असतील तर दोन्हींतून एकसारखंच कापा, नाहीतर नवा घोळ.

शेवटी माझ्याकडे तीन उरले. डी ११२ माइकचा एक, आरई २० माइकचा एक, आणि पंधरा इंची एकट्या स्पीकरचा एक, मऊ गाण्यांसाठी. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: तुलना करताना सगळ्यांचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा तोच चांगला वाटतो. मी पहिल्या दिवशी ‘अप्रतिम’ लिहून ठेवलेले चारही आयआर नुसतेच मोठे होते.

पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलमध्ये आयआर टाकणार असाल तर ते किती सॅम्पल वाचतं ते आधी बघा. काही १०२४ वरच थांबतात, म्हणजे २१ मिलिसेकंद. ई तारेची एक लाट २४ मिलिसेकंदांची असते, त्यात ती ५ मिलिसेकंदांची शांतता शिल्लक असेल तर हाती काय उरलं ते मोजा.