जोडी सुटते कशी

समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२० किलोमीटरनं पळत असते, काचा बंद, एसी चालू, आणि मागच्या सीटवर डुलकी लागलेली आजी मध्येच डोळे उघडून विचारते, "काहून थांबली रे गाडी?" हीच आजी गावच्या रस्त्यानं एसटीत बसली की समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरते आणि "हळू हाक ना बाप्पा" असं ड्रायव्हरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटते. एसटीचा काटा तेव्हा चाळिसावर असतो. (काटा चालू असलाच तर.)

आजीचं काही चुकत नाही. वेग माणसाच्या अंगाला कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल, ज्याला शाळेत त्वरण म्हणतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारी एक व्यवस्था आहे. द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या. पिशव्यांमध्ये सूक्ष्म केसांवर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण बसलेले असतात. गाडीनं वेग घेतला की ते कण जडपणामुळे मागं रेलतात, केस वाकतात, मेंदूला निरोप जातो. डोकं वळलं की नलिकांतला द्रव तेच काम करतो. पण गाडी एका वेगावर स्थिरावली की कण आपल्या जागी, केस सरळ. मग वेग चाळीस असो की एकशेवीस, कानाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून यवतमाळ-वर्ध्याकडचं कुठलंही गाव आत्ता या घडीला ताशी साडेपंधराशे किलोमीटरहून जास्त वेगानं पूर्वेकडे चाललंय, आणि पृथ्वीसोबत सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर. पारावर बसलेल्या कुणाच्याही कपातला चहा हिंदकळत नाही.

गावच्या रस्त्याची गोष्ट वेगळी. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात हात भेगा पडतात. वरचं डांबर कितीही चोपून बसवा, खालची जमीनच वरखाली होत असेल तर रस्त्यावर लाटा उठणारच. एसटी पुढं जाते चाळीसनं, पण आतला माणूस दर सेकंदाला वर उडतो आणि खाली आपटतो. पुढं जाण्याचा वेग जेमतेम, उभं त्वरण भरपूर. आजीचा कान या उभ्या त्वरणाचाच हिशेब ठेवतो.

समृद्धीवर हे काहीच नाही. वळणंसुद्धा इतकी लांबलचक की जाणवत नाहीत, कारण दिशा बदलणं हेही त्वरणच आणि तेही तिथं बेतानंच दिलेलं. आराम वाटतो, आणि मला त्याचीच भीती वाटते. ब्रेक दाबल्यावर दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंदानं उतरतो असं धरलं, तर साठनं चाललेली गाडी थांबायला सव्वातीन-साडेतीन सेकंद आणि २८ मीटर घेते. एकशेवीसनं चाललेली गाडी त्याच्या दुप्पट वेळ घेते, पण अंतर घेते १११ मीटर. दुप्पट नव्हे, चौपट. कारण वेळ दुप्पट झाला आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट होता. हा चौपटीचा हिशेब अंगाला आधी कळत नाही. ब्रेक लागेपर्यंत कान झोपलेला असतो.

त्वरण म्हणजे काय हे मला ज्यांनी दाखवलं ते आबाजी शाळेत फारसे गेलेले नव्हते. ते शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, घड्याळ धरायचे. खरिपाचं आटोपलं, कापूस घरात आला की आमच्याकडे पट भरतात. मधली काही वर्षं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या बंदीमुळे ते थांबले होते; डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. ते असो. पटाला पहिल्यांदा गेलेला माणूस शेवटच्या झेंड्यापाशी जागा धरतो, कारण तिथं जोडी सर्वांत जोरात असते, धूळ उडते, जोडी हाकणारा धुरकरी छकड्यावर जवळजवळ लोंबकळत असतो. आबाजींनी मला तिथून हाताला धरून सुरुवातीच्या रेषेपाशी आणलं. "जोडी सुटते कशी थे पाय. पयते कशी थे तं कोणीबी पायते."

पुढं कधीतरी मी कागदावर हे मांडून पाहिलं. समजा दौड शंभर मीटरची आहे आणि जोडीनं ती दहा सेकंदांत मारली. सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर. आता पाठ्यपुस्तकातल्या गाडीसारखी ही जोडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या त्वरणानं वेग घेत गेली असती, तर शेवटच्या झेंड्याला तिचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर भरला असता. असा बैल कुणाच्या गोठ्यात असेल तर मला कळवा. खरी जोडी सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत आपला सगळा वेग कमावते आणि उरलेलं अंतर तो टिकवत पळते.

म्हणजे चुरस कुठं आहे पाहा. दोन जोड्यांचा वरचा वेग अगदी सारखा, सेकंदाला १२ मीटर. एक तो दोन सेकंदांत गाठते, दुसरी तीन सेकंदांत. शून्यापासून शिगेपर्यंत जाताना सरासरी वेग निम्माच पडतो, म्हणून त्या टप्प्यातला निम्मा वेळ वाया जातो: पहिलीचा एक सेकंद, दुसरीचा दीड. शेवटी फरक अर्ध्या सेकंदाचा, आणि अर्धा सेकंद म्हणजे त्या वेगाला सहा मीटर. अख्खी जोडी छकड्यासकट मावेल एवढी जागा. शेवटच्या झेंड्यापाशी उभ्या असलेल्यांना दोन्ही जोड्या सारख्याच भन्नाट दिसलेल्या असतात, आणि मग निकालावरून भांडणं होतात.

आबाजींना आपल्या बोटाचीही शंका असायची. स्टॉपवॉच दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो, आणि तेवढ्यात जोडी अडीच मीटर पुढं गेलेली असते. आता बऱ्याच पटांत इलेक्ट्रॉनिक घड्याळं आली, तो वाद मिटला.

वेळ मोजता आल्याशिवाय त्वरण सापडतच नाही, हे गॅलिलिओलाही छळत होतं. वरून सोडलेली वस्तू फार लवकर खाली येते आणि त्याच्याकडे सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं. त्यानं पडणंच हळू केलं. लाकडी तुळईला खाच पाडली, आत गुळगुळीत चर्मपत्र लावलं, तुळई जराशी तिरपी केली आणि काशाची गोळी घरंगळू दिली. तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक धारेनं पाणी गळू दिलं आणि ते पाणी तराजूत तोललं. वेळ वजनात मोजला! आपल्याकडे लग्नघटिकेसाठी घंगाळात घटिकापात्र सोडायचे, तेही पाण्याचंच घड्याळ. पण बुडायला चोवीस मिनिटं घेणाऱ्या वाटीचा गोळीला काय उपयोग. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेला निष्कर्ष असा की सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढत जातात. गावच्या विहिरीत दगड टाकलात तर पहिल्या सेकंदात तो १६ फूट जातो, दुसऱ्यात ४८, तिसऱ्यात ८०. तिसऱ्याची वेळ सहसा येत नाही, कारण आमच्याकडच्या चाळीस-पन्नास फुटी विहिरीत दोन सेकंदांच्या आतच 'डुब्ब' ऐकू येतं. 'एस बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग' पाठ करून घेणाऱ्या किती शाळांनी पोरांना शेजारच्या वावरातल्या विहिरीवर नेलं असेल? (काठावरून वाकू नका, हे आधी सांगून.)

इथवर सगळं आबाजींना पटलं होतं. मग मी घड्याळावर आलो: वेगानं चाललेलं घड्याळ थांबलेल्यापेक्षा हळू चालतं. १९७७मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून एका प्रयोगाचा निकाल आला. म्युऑन नावाचे कण एका कड्यात, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाऊन, गोल गोल फिरवले होते. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) जगतो, मग फुटतो. हे ६४ मायक्रोसेकंद जगले, एकोणतीस पटींहून जास्त. कड्यात वळताना त्यांना बसणारं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्व त्वरणाच्या १ वर १८ शून्यं इतक्या पट होतं. पण आयुष्य लांबलं ते नेमकं वेगाच्या हिशेबाइतकंच. त्या राक्षसी त्वरणानं त्यात वेगळी भर घातली नाही. म्हणजे आजीच्या कानाच्या बरोबर उलट. कानाला त्वरण कळतं, वेग कळत नाही. दोन घड्याळं शेवटी शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर त्यांच्यातल्या फरकात वेगाची नोंद सापडते, त्वरणाची वेगळी सापडत नाही.

उंचीचीही सापडते. त्वरण आणि गुरुत्व आतल्या माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, या १९०७मधल्या विचारावरून आइनस्टाइननं दाखवलं की उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा जरा पुढं जातं. अमरावतीपेक्षा चिखलदरा साडेसातशे मीटर तरी उंच आहे. तेवढ्यानं तिथलं घड्याळ वर्षाला अडीच मायक्रोसेकंद पुढं पळतं.

आबाजींनी बिडी बाजूला ठेवली. "मंग पट चिखलदऱ्याले भरवला तं जोडीचा टाइम वाढून लागंन का?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर त्यांनीच मान हलवली. "नाही लागणार. घड्याय बी तिथलंच अन् बैलं बी तिथलेच. फरक कायचा?" आणि मग जरा थांबून, "पण चढाव हाय ना बाप्पा तिथं. जोडी सुटंन कशी?"